द्राक्ष, वाटाणा, रिकामी

बारकीने पाकिटाची कड कात्रीने कापली आणि आतला कागद न उलगडताच आकडेवाल्याच्या हातात दिला. तीन महिने ते पाकीट प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांच्या कपाटात कुलूपबंद होतं. चाळीस उंदरांपैकी कुठल्या विसांना औषध मिळालं आणि कुठल्या विसांना नुसतं खारं पाणी, हे त्या एका कागदावर लिहिलेलं होतं. सुई टोचणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हतं, उंदरांचे पाय बघणाऱ्यांनाही नव्हतं आणि ज्या बाईने आठ वर्षं त्या औषधापायी जिवाचं रान केलं तिलाही नव्हतं.

बारकी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी अगदी काडी होती, म्हणून पडलं ते पडलं. आता चाळिशी आली, अंग भरलं, प्रयोगशाळेत सगळे मॅडम म्हणतात. पण थोरला भाऊ अजूनही भर रस्त्यात "बारके" म्हणून हाक मारतो आणि ती मुकाट्याने वळून बघते, तेव्हा आपणही तिला तेच म्हणू.

आकडेवाल्याने यादी संगणकात भरली. तो बोलायला कंजूष माणूस. पडद्याकडे बघत त्याने दोनदा चष्मा वर सरकवला.

"फरक नाही," तो म्हणाला.

"म्हणजे थोडा आहे?" सरांनी विचारलं.

"थोडासुद्धा नाही, सर. औषधवाल्यांचे सरासरी नऊ गुण, पाणीवाल्यांचे पावणेनऊ. एवढा फरक नुसत्या नशिबानेही पडतो."

पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला मार बसला की तिथले तुटलेले तंतू पुन्हा वाढायला बघतात. पण तिथलंच एक प्रथिन त्यांना दटावतं, इथून पुढे यायचं नाही म्हणून. बारकीचं औषध म्हणजे एक अँटीबॉडी; ती त्या प्रथिनाला जाऊन चिकटायची आणि त्याचं तोंड बंद करायची. म्हटलं तर एवढंच काम. काचेच्या बशीत ते इतकं छान जमायचं, की तंतू वाढताना बघून बारकी चहा विसरायची. उंदरांत जमतं का, हे बघायचं होतं. त्यासाठी दर आठवड्याला एकेक उंदीर पोरांना डुंबायला आणतात तसल्या प्लास्टिकच्या कोरड्या हौदात सोडायचा आणि दोघांनी दोन बाजूंनी उकिडवं बसून चार मिनिटं त्याचे मागचे पाय बघायचे. पाय नुसता ओढतो, की टेकतो, की पाऊल टाकतो. शून्यापासून एकवीसपर्यंत गुण. बारा आठवडे बघून बघून दोघांच्या गुडघ्यांचे तीन तेरा वाजले होते.

सरांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, जणू आत अजून एखादा कागद असेल.

"उरलेली अँटीबॉडी किती आहे?"

"एका प्रयोगापुरती."

"शेजारच्या गटाने मागितली आहे. त्यांना दुसऱ्या कामासाठी हवीय. सोमवारी दहा वाजता बसून ठरवू. आणि खालचे उंदीरही सोमवारनंतर ठेवायला नकोत." सर उठले आणि दाराशी थांबले. "तुमचे कष्ट मला दिसत नाहीत असं समजू नका. पण पायांनीच नाही म्हटल्यावर मी काय करू?"

अँटीबॉडी गेली की ती बनवणाऱ्या पेशींचं भांडंही बंद होणार, म्हणजे आठ वर्षं पाण्यात. बारकीने यादीचा कागद घडी करून खिशात घातला आणि ती जिना उतरून खाली गेली, कारण हा निकाल मावशींच्या कानावर दुसऱ्या कुणाकडून जाऊ नये असं तिला वाटलं.

मावशी उंदरांच्या खोलीचं सगळं बघायच्या. सोळा वर्षं बघत होत्या. मज्जारज्जू दुखावलेल्या उंदराला आपली आपण लघवी होत नाही. मूत्राशय भरत राहतं, भरत राहतं, आणि कुणी रिकामं केलं नाही तर उंदीर दगावतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ एकेकाला हातात घेऊन, पोटाखाली अंगठा आणि दोन बोटं लावून हलकेच दाबायचं. जोर जास्त झाला तर इजा, कमी झाला तर आत राहून जातं. हे काम शिकायला आलेल्या मुलामुलींना मावशी पहिले आठ दिवस नुसतं बघायला लावायच्या. नाक मुरडणारे त्यातच गळून जायचे.

"लागला निकाल?" मावशींनी हातातल्या उंदराकडे बघतच विचारलं.

"लागला. औषधाचा काही उपयोग झाला नाही, मावशी."

"कोण म्हणतं?"

"पाय म्हणतात."

मावशींनी उंदीर पिंजऱ्यात सोडला, शेजारचा उचलला, पोटाला बोटं लावली आणि तसाच परत ठेवला.

"पायांचं मला नाही कळत. पण संध्याकाळची फेरी सुरुवातीला अडीच तासांची होती. आता सव्वा तासात उरकते. निम्म्यांना माझा हात लागतच नाही."

"काही जण आपोआप बरे होतातच ना?"

"होतात की. सोळा वर्षं तेच तर बघतेय." मावशींनी पुढचा पिंजरा ओढला. "चाळिसांत पाच-सहा होतात. फार तर सात. वीस-एकवीस कधी झालेले मी तरी पाहिले नाहीत. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बारकी म्हणाली, "वही कुठंय?"

वही खिळ्याला दोरीने टांगलेली होती. प्राण्यांचे हाल होत नाहीत ना, हे बघायला वर्षातून दोनदा समिती येते, तिला दाखवण्यापुरती ती वही. प्रयोग संपला की खोक्यात. बारकीने आजवर तिच्या शेवटच्या पानावर सही करण्यापलीकडे तिच्यात डोकं घातलं नव्हतं. आत प्रत्येक उंदराचा क्रमांक, तारीख, सकाळ, संध्याकाळ, आणि पुढे मावशींच्या टपोऱ्या अक्षरात तीनपैकी एक शब्द. द्राक्ष. वाटाणा. रिकामी. लघवीची पिशवी हाताला केवढी लागली, ते. वरच्या मजल्यावरची मुलं यावरून मावशींची टर उडवायची. मावशींनी फळांचा बाजार मांडलाय म्हणायची. त्या हसण्यात बारकीही एक-दोनदा सामील झाली होती, ते तिला आत्ता नेमकं आठवलं.

ती पालथ्या बादलीवर बसली. खिशातला कागद मांडीवर पसरला आणि एकेक क्रमांक लावत गेली. तिसरा आठवडा संपेपर्यंत कोण आपापलं मोकळं व्हायला लागलं? एकदा मोजलं. मग विश्वास बसेना म्हणून खालून वर मोजलं. औषधवाल्या विसांत सोळा. पाणीवाल्या विसांत पाच.

"मावशी, कुणाला औषध आणि कुणाला पाणी, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"मला कोण सांगतंय?" मावशी नळाखाली हात धूत म्हणाल्या. "तुम्हालाच कुठे माहीत होतं?"

*

घरी आली तेव्हा दादा शिवणयंत्राचं पोट उघडून बसला होता. तळमजल्यावरची पुढची खोली हेच त्याचं दुकान. चौदा वर्षांपूर्वी छपरावर चढून पत्रा बसवताना तो पडला आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून अख्ख्या वस्तीची शिवणयंत्रं चाकांच्या खुर्चीत बसून तोच दुरुस्त करतो. जीभ मात्र पडण्यापूर्वीपेक्षा जास्त चालते, असं बारकीचं मत होतं.

"तोंड का असं?" त्याने विचारलं. "कोण गेलं?"

"उंदीर चालले नाहीत."

"मी पण नाही चालत. माझ्यावर कधी एवढं तोंड पाडलं नाहीस."

तेवढ्यात त्याचं मनगटी घड्याळ वाजलं. दर चार तासांनी वाजायचं. घरातल्या भिंतीवरच्या पालीसारखा तो आवाज, कुणाच्या लक्षातही यायचा नाही. दादाने स्क्रूड्रायव्हर ठेवला, "दोन मिनिटं," म्हणाला आणि खुर्ची वळवून आतल्या न्हाणीघराकडे गेला. गिऱ्हाईक समोर असलं तरी तो असंच म्हणायचा. दोन मिनिटं.

आज पहिल्यांदाच बारकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. खुर्ची लावायची, हात धुवायचे, लघवीची नळी काढायची, घालायची, थांबायचं, परत सगळं धुवायचं. बावीस मिनिटांनी दादा बाहेर आला. दिवसातून सहा वेळा. त्यातली एक भर झोपेत. तिला तोंडी हिशेब पटकन जमायचे, पण हा तिने चौदा वर्षांत केला नव्हता.

"दादा, एक विचारू? खरं सांगायचं. विनोद नको."

"मग कसं सांगणार?"

"सगळं नाही, एकच परत मिळणार असलं, तर काय मागशील?"

दादाने पुसायचं फडकं हातात घेतलं. एक स्क्रू पुसला. तो स्वच्छच होता, तरी परत पुसला.

"तुला डॉक्टरेट मिळाली त्या समारंभाला मी का आलो नाही?"

"पायऱ्या होत्या. चाळीस पायऱ्या आणि लिफ्ट बंद."

"पायऱ्यांचं काय, चौघांनी खुर्ची उचलली असती. मी जड आहे, पण एवढाही नाही." त्याने स्क्रू डबीत टाकला. "समारंभ पाच तासांचा होता, बारके. मी तिथे फोन करून विचारलं होतं. खुर्ची आत जाईल असं न्हाणीघर नव्हतं."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. पहिल्याच वर्षी, दवाखान्यात. म्हटलं, पायांचं राहू दे, आधी या नळीतून सोडवा. तुम्ही सगळे हसलात." मग तो म्हणाला, "तुमचा तरी काय दोष? सांगितलंच मी हसत."

हे ऐकून तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. दादाने तेच फडकं पुढे केलं. त्याला तेलाचा वास येत होता.

*

शनिवारी सकाळी तिने आकडेवाल्याला घरून उठवून आणलं. दोघांनी मिळून मावशींची वही पानापानाने संगणकात भरली. मावशींच्या सुट्टीच्या दिवशी मुलांनी नुसत्या बरोबरच्या खुणा केल्या होत्या, ते रकाने रिकामे सोडले. रविवारी दुपारी आकडेवाल्याने चष्मा काढून डोळे चोळले.

"फरक आहे. चांगला घसघशीत आहे. पण मॅडम, हे आपण आधी ठरवलं नव्हतं. निकाल हातचा गेल्यावर वह्या उपसत बसलं, तर कुणालाही काहीतरी सापडतंच."

"माहीत आहे."

"म्हणजे हे छापता येणार नाही."

"छापायचं कुणाला आहे? मला परत करायचंय. पहिल्या दिवसापासून हेच मोजायचं ठरवून."

सोमवारी दहा वाजता सरांनी तिचा कागद वाचला. नव्या प्रयोगाची योजना एका पानाची होती. मुख्य मोजमाप या शब्दांपुढे इतकी वर्षं चालणं असायचं. तिथे आता लघवी असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली मोजायची पद्धत. दर वेळी आत किती उरली ते नळकांड्यात धरून मिलिलिटरमध्ये.

"द्राक्ष हे माप आहे का?" सरांनी विचारलं. ते चिडले नव्हते, पण सहज पटवून घेणाऱ्यांतले नव्हतेच.

"नाही, सर. म्हणून तर नळकांडं आणायचंय."

"अँटीबॉडी एकदाच पुरेल. याही वेळी काही निघालं नाही तर?"

"तर मी स्वतः पेशींचं भांडं बंद करीन. सर, पाच मिनिटं खाली येता?"

सर खालच्या खोलीत कित्येक वर्षांत आले नव्हते. बारकीने सगळ्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या उलट्या केल्या. सरांना म्हटलं, कुठलेही सहा निवडा. यादी आकडेवाल्याच्या खिशात. मावशींनी सकाळची फेरी मुद्दाम थांबवून ठेवली होती. त्या एकेक उंदीर हातात घेत आणि सांगत. हा मोकळा. हा मोकळा. याला हात लागतो. चौथा उंदीर त्यांनी सरांपुढे धरला.

"तुम्ही बघा, साहेब."

सरांनी जाकिटाची बाही मागे सारली. मावशींनी त्यांचा अंगठा धरून नेमका जागेवर टेकवला.

"लागतंय का काही?"

"लागतंय," सर म्हणाले. "द्राक्षच आहे की हे."

सहा झाल्यावर आकडेवाल्याने यादी काढली. मोकळे ते औषधवाले असं धरलं, तर सहांपैकी पाच जुळत होते. पाचवा उंदीर पाण्यावरचा असूनही मोकळा निघाला.

"चुकलं का माझं?" मावशींनी विचारलं.

"नाही मावशी, तो आपोआप बरा झालेल्यातला आहे," बारकी म्हणाली.

"मग त्याला मोकळाच लिहा. आहे तो मोकळा."

सरांनी साबणाने हात धुतले. पुसता पुसता ते म्हणाले, "एक प्रयोग. हा शेवटचा. आणि या बाई मोजणार असतील तरच."

"सुट्टीच्या दिवशीही मीच येईन," मावशी म्हणाल्या. "त्या मुलांच्या खुणांवर माझा नाही विश्वास."

*

संध्याकाळी दादाच्या टेबलावर तेच यंत्र होतं. आता त्याचं पोट बंद झालं होतं आणि तो हाताने चाक फिरवून टाका बघत होता. बारकीने त्याला सगळं सांगितलं. सरांनी द्राक्ष कसं ओळखलं तेही सांगितलं. दादा यावर नक्की काहीतरी बोलणार म्हणून ती थांबली, पण तो चाक फिरवत राहिला.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

आठ वर्षं ती या कामाबद्दल घरात बोलत होती. जेवताना, भांडताना, तापात पडलेली असतानासुद्धा. दादाने उंदरांची नक्कल केली होती, प्रथिनाला शेजारणीचं नाव ठेवलं होतं. हा प्रश्न मात्र त्याने कधी विचारला नव्हता. आणि त्याने विचारला नाही हे तिच्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

खोटं सांगायचा मोह तिला झाला. एक क्षणभरच.

"उंदरांचं एक वर्ष. ते जमलं तर पुढे माणसांवर यायला दहा. बारासुद्धा लागतील. नवीन इजा झालेल्यांना आधी देतील, तुझ्यासारख्या जुन्यांचं त्यानंतर. आणि दादा, जमेलच असं नाही."

"म्हणजे मी छप्पन्नचा."

"कदाचित साठीचा."

त्याचं घड्याळ वाजलं. त्याने यंत्रावर फडकं टाकलं आणि खुर्ची वळवली.

"वीस मिनिटं लागतील मला," तो म्हणाला.

बारकी तिथेच खुर्चीत टेकली. सोमवार दमवणारा होता आणि पाय सुजले होते. दादा दारापर्यंत जाऊन थांबला. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

"साठीचा म्हणालीस ना?"

"हो."

"मग इथे काय बसलीयस?"